घरबसल्या शिका, पण फी कोणी भरायची?

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात मी बचत गटाची वही पाहत बसले होते. पावसानं उघडीप दिली होती, निंदणाची घाई होती, म्हणून बैठक रात्री आठनंतर ठेवली होती. कर्जाच्या पानावर कारणाचा एक रकाना असतो. बियाणं, खत, आजारपण, मुलांचं शिक्षण, लग्न, शेळी, अशी कारणं एकाखाली एक. त्यात एका नावापुढे लिहिलं होतं : शिलाई मशीन, सहा हजार. मी सहज विचारलं, "मशीन कुठं बसवली?" बाया एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. जिचं नाव होतं ती हसली नाही. गावातली अंगणवाडी सेविका, बत्तीस-तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई. म्हणाली, "मशीन कायची आली ताई? बी.ए.ची फी भरली म्या त्यातून, पुस्तकाचं अन् जाण्यायेण्याचं धरून. वहीत कसं लिहू? पोराच्या शिक्षणाले कर्ज भेटते, मायच्या शिक्षणाले कोन देते?"

गटाच्या नियमात तशी मनाई कुठंही नाही. मी नियम पुन्हा वाचून पाहिले. मनाई नव्हती, पण 'स्वतःचं शिक्षण' हे कारण त्या वहीत आधी कोणीच लिहिलेलं नव्हतं. गटाच्या अध्यक्षबाईंनीच तिला सुचवलं होतं, मशीन लिही, घरी कोणी विचारलं तर सांगता येईल की पैसे संसारासाठीच घेतले. आज कागदावर तिच्या घरात एक शिलाई मशीन आहे. महिन्याला दोन टक्क्यांनी तिचं व्याज ती भरते आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला सांगत नाही. त्या बाईच्या डोक्यात बी.ए. मीच घातली होती. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते, हिची बारावी झालेली, गावातली शंभर घरं हिला तोंडपाठ; मग हिनं का पुढं जाऊ नये, असं मला वाटलं आणि तिलाही वाटत होतंच. अडचण सासूची होती. मी त्यांच्या ओसरीवर बसून, चहा घेऊन, सासूबाईंना समजावलं, "मावशी, हिला कुठं जायचं नाही. घरबसल्या होते. सैपाकपाणी आटोपून वाचेल ती. तुमच्या घराले काही त्रास नाही." मावशी लगेच राजी झाल्या. मला तेव्हा मोठी कामगिरी केल्यासारखं वाटलं होतं. समाजकार्याच्या वर्गात ज्याला वाटाघाटीचं कौशल्य म्हणतात ते हेच, असंही मनात आलं.

आता वाटतं, त्या एका वाक्यात मी तिचा सगळा हक्क विकून टाकला. घराला त्रास नाही, म्हणजे घरानं वेळ द्यायचा नाही. घरानं वेळ द्यायचा नाही, म्हणजे पैसाही द्यायचा नाही. मावशींनी माझा शब्द तंतोतंत धरला. पुढे सुनेनं फीचा विषय काढला तेव्हा नवऱ्याचं उत्तर तयार होतं : "ताईच म्हने ना, घरबसल्या होते म्हून. मंग पैसे कायले पाह्यजे?"

'घरबसल्या' हा शब्द आपल्याकडे फार प्रेमानं वापरला जातो. पापड, मेणबत्त्या, अगरबत्त्या बायांनी घरबसल्या कराव्यात, म्हणजे त्यांना मजुरी कमी देता येते, हे आपण सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून घरखेप कामगार बायांच्या प्रश्नावर बोलताना मांडत आलो. घरातलं काम हे काम नाही आणि घरात बसून केलेलं उत्पादन हे उत्पादन नाही, ही लबाडी आपल्याला तिथं लगेच दिसली. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपणच तो शब्द उचलून पत्रकात छापला.

मी मुक्त विद्यापीठाच्या विरुद्ध लिहीत नाही, हे आधीच सांगते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ज्या बायांची शाळा नववीत, दहावीत लग्नानं सुटली त्यांच्यासाठी हे दार उघडणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आमच्या घरात मला माहीत आहे. सुरुवातीच्या काळात बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसता येत असे. माझी आई नववीत शाळा सोडून मूर्तिजापूरजवळच्या गावात नांदायला आली होती. मी प्राथमिक शाळेत असताना तिनं पूर्वतयारीचा अर्ज भरला. खाकी कागदात बांधलेली पुस्तकं आली, ती तिनं गव्हाच्या कोठीवर ठेवली. रविवारच्या तासाला ती अकोल्याला जाई, आणि परत आल्यावर घरात कोणी तिच्याशी बोलत नसे. पूर्वतयारी झाली, बी.ए.चं पहिलं वर्ष झालं. दुसऱ्या वर्षीच्या फीच्या वेळी काकांना सरकीच्या बियाण्याला पैसे कमी पडले. भांडण वगैरे काही झालं नाही. फीचे पैसे बियाण्याला गेले, एवढंच. पुस्तकं अजून आईच्या पेटीत आहेत, पहिल्या वर्षाची.

पुढे मी शिकले. रीतसर कॉलेजात, अमरावतीला वसतिगृहात राहून, एम.एस.डब्ल्यू.पर्यंत. माझ्या फीबद्दल घरात कधी वाद झाला नाही. मुलीच्या शिक्षणाला वडील तयार होते. बायकोच्या शिक्षणाला तेच वडील तयार नव्हते. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं राहतात, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. सरकारचंही नेमकं तसंच आहे.

८ जुलै २०२४ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय पाहा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत मिळाली. चांगला निर्णय आहे. अकोल्यात इंजिनिअरिंगला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला त्याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा आणि अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. आमची सेविका मुक्त विद्यापीठात बी.ए. करते. ती कोणत्याही केंद्रीभूत प्रक्रियेतून जात नाही आणि बी.ए. व्यावसायिक नाही. म्हणजे जी मुलगी अठराव्या वर्षी बापाच्या घरी होती, शहरात राहू शकली, प्रवेश परीक्षेला बसू शकली, तिची फी सरकारनं उचलली. जिचं लग्न सतराव्या-अठराव्या वर्षी लावून दिलं आणि जी दहा-बारा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडते आहे, तिनं स्वतःचं पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. बालविवाह थांबवता आला नाही ही सरकारची हार. तिची भरपाई त्या बाईनंच व्याजासकट करायची, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, मुक्त विद्यापीठाची फी ती कितीशी? कॉलेजच्या मानानं काहीच नाही. हे मला आमच्याच एका बैठकीत एका प्राध्यापक मैत्रिणीनं ऐकवलं. रक्कम लहान आहे हे खरं, पण ती कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हातून द्यायची हा प्रश्न लहान नाही. प्रवेश जुलै-ऑगस्टच्या सत्रात. वऱ्हाडातल्या कोरडवाहू घरात जुलै-ऑगस्टला पैसा नसतो. होता तो पेरणीत गेला. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास, कापूस दिवाळीच्या पुढंमागं. मधे पोळा आणि महालक्ष्म्या, ज्यांचा खर्च कोणी 'कितीशी' म्हणून टाळत नाही. या दोन महिन्यांत घरात जो काही रुपया असतो त्यावर पहिला हक्क फवाऱ्याच्या औषधाचा, दुसरा पोरांच्या वह्या-गणवेशाचा. बाईच्या बी.ए.चा नंबर येतच नाही. ज्यानं फी भरायचा महिना ठरवला त्यानं पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. निंदणाच्या मजुरीवर घर चालवणारी बाई नाही.

फीशिवायचा खर्च मी आणि त्या सेविकेनं मिळून एका कागदावर मांडला. अर्ज भरायला सेवा केंद्राचे पैसे. अर्ज एकदा चुकला, पुन्हा पैसे. प्रती काढायचे, फोटोचे. तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्राला जायचं एसटीचं भाडं, ते अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. मोबाईलचा रिचार्ज. परीक्षेचे दिवस, त्या दिवसांत लहान्याला सांभाळायला जाऊबाईला बोलावलं तर तिला लुगडं नाही तरी काहीतरी द्यावं लागतं. आणि पाणी. गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी खारं, नळ येईल तेव्हा बाई घरात हवी. हे शेवटचं रुपयांत कसं मांडायचं ते आम्हाला दोघींनाही सुचलं नाही, म्हणून नुसतं 'पाणी' लिहून ठेवलं.

त्या अर्ध्या तिकिटाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. बाई एसटीत चढते, कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. उत्पन्नाचा दाखला नाही, ओटीपी नाही, प्रवर्ग नाही, नवऱ्याची सही नाही. तेच सरकार, तीच बाई. बसमध्ये तिला बाई म्हणून ओळखता येतं, मग प्रवेशाच्या अर्जावर का ओळखता येत नाही?

उलट प्रवेशाच्या अर्जावर तिची ओळख पटवण्याची कसरत वाढतच चालली आहे. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवर डेब आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांचं खातं. त्यासाठी डिजिलॉकर, आणि त्यासाठी मोबाईलला जोडलेलं आधार. हेतू चांगला आहे, बोगस प्रवेश थांबावेत हाच. पण ज्यांनी हे आखलं त्यांच्या घरातल्या बाईचं नाव बहुधा लग्नात बदललं नसावं. अकोल्याच्या एका सेवा केंद्रावर बाळापूर तालुक्यातल्या एका बाईबरोबर मी अख्खी दुपार घालवली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यातही सासऱ्यांच्या आग्रहानं लग्नात बदललेलं पहिलं नाव. आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा. नवरा पुण्याकडे कामाला. ओटीपी त्याच्या फोनवर गेला, फोन लागेना. लागला तेव्हा वेळ संपलेली. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा तो म्हणाला, कामावर आहे, संध्याकाळी सांगतो. सेवा केंद्र संध्याकाळी सहाला बंद. एका बाईनं शिकायचं की नाही याची परवानगी पूर्वी सासरा तोंडानं देई किंवा नाकारी. आता ती सहा आकड्यांत नवऱ्याच्या फोनवर येते आणि दहा मिनिटांत रद्द होते.

ऑनलाइन शिक्षणानं अंतर संपलं, असं म्हणतात. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा हेच ऐकलं होतं आपण. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बाया होत्या ३३ टक्के, पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढले असतील. पण घरात एक चांगला फोन असेल तर तो संध्याकाळी कोणाच्या हातात असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंगणवाडी सेविकांना सरकारनं दिलेले मोबाईल इतके निकृष्ट निघाले की २०२१ मध्ये राज्यभर बायांनी ते परत केले होते. आमची सेविका ऑनलाइन तास नवऱ्याच्या फोनवर, तो जेवायला बसला की ऐकते. वीस मिनिटं. तो जेवायला जरा वेळ लावतो त्या दिवशी तिला बरं वाटतं.

यातूनच दुसरा धोका उभा राहिला आहे आणि त्याबद्दल आपल्या गटांनी सावध राहायला हवं. सरकारी वाट इतकी खडबडीत, म्हणून गुळगुळीत बोलणारे आले. अकोल्यातल्या एका वस्तीतल्या बाईला फोन आला. आवाज गोड, 'मॅडम' म्हणणारा. घरबसल्या ऑनलाइन पदवी, मोफत टॅबलेट, बिनव्याजी हप्ते. तिनं ओटीपी सांगितला. तिला वाटलं प्रवेश झाला; प्रत्यक्षात एका वित्त कंपनीचं कर्ज तिच्या नावावर झालं होतं आणि खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगीही त्यातच गेली होती. खातं तेच, ज्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा होत. पैसे आले की हप्ता जाई. हप्त्याला कमी पडले की बँक दंड लावी. तिनं शिकणं कधीच सोडलं, हप्ता अजून सुरू होता. नवऱ्याला सांगायची सोय नाही, कारण शिकायचं खूळ तिचं. आमच्याकडे ती आली ती मारहाणीची तक्रार घेऊन. कर्जाचं दुसऱ्या बैठकीत सांगितलं.

ही एकटीची गत नाही म्हणूनच केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला डिसेंबर २०२१ मध्ये अशा कंपन्यांबाबत जाहीर इशारा द्यावा लागला : आपोआप हप्ता कापण्याची परवानगी देऊ नका, न वाचता कर्जाला होकार देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगानंही बजावलं की दूरस्थ वा ऑनलाइन पदवी कोणा कंपनीला मक्त्यानं चालवायला देता येत नाही. गटात एवढं तरी बोला : पदवी विद्यापीठ देतं, फोनवरचा माणूस देत नाही. विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहता येतं. आणि नर्सिंग, कायदा, इंजिनिअरिंग, फार्मसी यांची पदवी या पद्धतीनं देण्याची परवानगीच नाही. घरबसल्या नर्स करून देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतो आहे. आमच्या भागात नर्सिंगच्या नावावरच सगळ्यात जास्त बाया फसतात, कारण ते काम दिसतं, मिळतं आणि त्यात बाईला मान आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. स्त्री संघटनांनी या प्रश्नाकडे का पाहिलं नाही? मुलींच्या शिक्षणावर आपण मोर्चे काढले, शाळेतली गळती, वसतिगृहं, सायकली, सगळं केलं. मोठ्या बाईच्या शिक्षणाला मात्र आपण साक्षरता म्हणतो. सही करता आली, बसची पाटी वाचता आली की आपलं समाधान होतं. तिला इतिहास वाचायचा असेल, राज्यशास्त्रात नापास होऊन पुन्हा बसायचं असेल, तर ती तिची हौस. एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मला प्रेमानंच विचारलं, "अगं, त्या डिग्रीचा उपयोग काय? नोकरी कुठं ठेवलीय?" माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या वेळी हा प्रश्न तिनं विचारला नव्हता. उपयोगाचंच म्हणाल तर आयोगानं २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. पण मला हा वाद उपयोगावर जिंकायचा नाही. पुरुषाला बी.ए. होऊन घरी बसायची मुभा आहे. गावोगाव बसलेले आहेत. त्यांची फी वाया गेली असं कोणी म्हणत नाही.

आणि घरी शिकणं कमी प्रतीचं असतं, असंही मी म्हणत नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घरीच शिकल्या, वडिलांनी शिकवलं, आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्यांनी पुरुषांना जे सुनावलं ते अजून पुरतं पचलेलं नाही. पण बापूजी शिंद्यांनी मुलीच्या शिक्षणावर स्वतःचा वेळ आणि पैसा घातला होता. आपल्या सेविकेवर कोण घालतं आहे? गाडगेबाबा कीर्तनातून सांगत फिरले की भाकरी हातावर घेऊन खा पण पोरांना शिकवा. वलगावजवळ त्यांनी देह ठेवला त्याला २०२६ च्या डिसेंबरात सत्तर वर्षं होतील. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत उभं आहे. त्या 'पोरां'मध्ये पोरी आल्या, ते आपण भांडून आणलं. पोरांची माय अजून यायची आहे.

पैसा नाही हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. इग्नूनं तुरुंगातल्या कैद्यांची फी माफ केली, २०१७ मध्ये तृतीयपंथी विद्यार्थ्यांची केली. दोन्ही योग्यच. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्रद्वारा शिकणाऱ्यांच्या फीचाही विचार आहे, फक्त ते बायांना कोणी सांगत नाही. म्हणजे घरी शिकणाऱ्याची फी सरकार भरू शकतं, वाट आहे, हे सिद्धच झालं आहे. तुरुंगाला नोंदवही असते, आत कोण आहे ते सरकारला माहीत असतं. घरात कोण अडकली आहे त्याची नोंद कुठं होते?

मार्चमध्ये अमरावतीला आम्ही दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांच्या बाया बसलो आणि मागण्या ठरवल्या. फार विचार करून नव्हे, ज्या रोज टोचतात त्या. मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, वय, लग्न आणि शाखा न पाहता, शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. तोपर्यंत फी दिवाळीनंतर हप्त्यानं भरायची सोय, विनाव्याज. प्रवेशाच्या ओळखीसाठी नवऱ्याच्या फोनवर अवलंबून राहायला लागू नये. अभ्यासकेंद्रावर समक्ष कागद दाखवून, माहेर-सासरच्या नावांची विवाह नोंदणीवरून खातरी करून, प्रवेश मिळावा. प्रत्येक तालुक्यात संध्याकाळी उघडी असलेली, इंटरनेट आणि दिवा असलेली बायांची अभ्यासिका, लहान मुलं घेऊन येता येईल अशी. ही शेवटची मागणी काहींना फार वाटली. मुलांच्या स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्या तेव्हा त्या फार वाटल्या नव्हत्या.

बचत गटांसाठी आम्ही एक ठराव वेगळा केला. कर्जाच्या वहीत 'स्वतःचं शिक्षण' हा शब्द छापून घ्यायचा, आणि त्या कर्जाला व्याज मुलांच्या शिक्षणाच्या कर्जाइतकंच. यावर मात्र वाद झाला. दोन गट म्हणाले, असं उघड लिहिलं तर घरचे बाईला गटातच येऊ देणार नाहीत, मशीन लिहिलेलंच बरं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ठराव बहुमतानं झाला, एकमतानं नाही, आणि ते दोन गट सध्या जुनीच वही वापरताहेत.

मी स्वतःपुरतं एक ठरवलं आहे. कोणत्याही सासूपुढे 'घरबसल्या' म्हणायचं नाही. मे महिन्यात त्याच ओसरीवर पुन्हा गेले. मावशींना म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं. शिकायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि रविवारी तिला तालुक्याला जावं लागेल, दिवसभर." मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रविवारी पानी कोन भरन?" मुलगा बाजेवर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मावशींनीही पाहिलं. तो उठून बाहेर गेला. अजून काही ठरलेलं नाही. दुसऱ्या वर्षाची फी जुलैत भरायची आहे.

तुमच्या गावात, वस्तीत ज्या बाया बाहेरून, दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकताहेत त्यांचा हिशेब आम्हाला हवा आहे : फी किती भरली, कोणत्या महिन्यात, पैसे कुठून आणले, वहीत काय लिहिलं, आणि शिकणं सोडलं असेल तर कोणत्या वर्षी. नाव नको. पोस्टकार्डावर लिहिलं तरी चालेल. दिवाळीआधी पाठवा, अधिवेशनाच्या वेळी ते घेऊनच नागपूरला जायचं आहे.